वल्हं नसलेली नाव

नाशिकला खाडी नाही. गोदावरी आहे, पण एरवी तिच्यात उतरायला नाव लागत नाही आणि पूर आला की नाव उपयोगाची नसते. त्यामुळे ‘अप द क्रीक विदाउट अ पॅडल’ हा इंग्रजी वाक्प्रचार आमच्या शाळेत शिकवला जावा, याला तसं काही कारण नव्हतं. खाडीत पार आतपर्यंत नाव नेली आणि आता पाहतो तर हातात वल्हं नाही, असा त्याचा शब्दशः अर्थ. माणूस पुरता अडकला आहे, हा खरा. हा वाक्प्रचार पाठ्यपुस्तकात नव्हता आणि परीक्षेत येणार नव्हता. तरीही सत्तरच्या दशकाच्या शेवटी नाशिकच्या एका कडेच्या शाळेतल्या नववीच्या मुलांना तो झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. हे ज्यांच्यामुळे झालं त्या इंग्रजीच्या बाईंबद्दल मला लिहायचं आहे. नावं मात्र देत नाही. यातली काही माणसं अजून नाशकातच आहेत आणि संध्याकाळी फिरायला बाहेर पडतात.

मी त्याच शाळेत इतिहास शिकवत असे. शाळा एका शिक्षणसंस्थेची होती. इमारत अर्धी दगडी, अर्धी पत्र्याची. माझ्या आणि बाईंच्या वर्गाच्या मध्ये भिंत नव्हती, फळ्यांचं पार्टिशन होतं, आणि त्या फळ्यांमधून आवाज तर येईच, खडूची धूळही येई. माझ्या मुलांना पानिपतच्या लढाईबरोबर इंग्रजी फुकट मिळे. मलाही मिळे.

बाई नाशिकरोडकडच्या एका वसाहतीतून बसने येत. बौद्ध कुटुंब, वडील कारखान्यात कामाला, धाकटा भाऊ कॉलेजात. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या त्यांच्या गल्लीतल्या त्या पहिल्याच. स्टाफरूममधल्या काही जणांना त्यांचं आडनाव खटकत असे. पण तसं म्हणण्याची सोय नव्हती, म्हणून ते त्यांच्या उच्चारांबद्दल बोलत. गंमत अशी की उच्चार बाईंचेच बरे होते. त्यांचे आजोबा इंग्रजांच्या काळात देवळालीच्या लष्करी छावणीत, मेसमध्ये भांडी घासायला होते. गोऱ्या शिपायांची बोलणी ऐकून त्यांनी इंग्रजी गोळा केलं होतं आणि नातीला ते अंगाईसारखं ऐकवलं होतं. खाडीचा आणि वल्ह्याचा वाक्प्रचार त्यातलाच. शिपाई तो म्हणत तेव्हा खाडीच्या आधी आणखी एक शब्द असे, तो आजोबांनी नातीसाठी गाळला होता. पुढे कधीतरी बाईंना तो ग्रंथालयातल्या जाड कोशात सापडला. “आजोबा म्हणजे चांगले संपादक होते,” असं त्या मला म्हणाल्या होत्या.

त्यांची शिकवायची रीत निराळी होती. वाक्प्रचार फळ्यावर लिहायचा, शेजारी चित्र काढायचं, आणि अर्थ सांगायचा नाही. या वेळी त्यांनी नाव काढली, नावेत माणूस काढला, माणसाचे दोन्ही हात मोकळे काढले. मग म्हणाल्या, “आता घरी जा, आणि असा अडकलेला माणूस शोधून आणा.”

“कुठून आणू बाई?”

“घरातून. बापाला विचार, आजीला विचार. कधी अडकला होता? स्वतःच्या पायानं गेला होता का? मग काय केलं?”

प्रसंग इंग्रजीत सांगायचा. इंग्रजी कसंही असो. नाव कोणाचंच घ्यायचं नाही. आणि मग बाकीच्या वर्गाने ठरवायचं, हा माणूस नावेत बसतो की नाही. नुसतं संकट आलं म्हणजे तो बसत नसे. एका मुलाने घराचं छप्पर उडाल्याचं सांगितलं, तर वर्ग ओरडला, “नाय बसत! ती वाऱ्याची चूक हाय!” नाव आपणच वल्हवत नेलेली पाहिजे, आणि वल्हं आपणच विसरलेलं पाहिजे, हे त्या मुलांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. मी पुढे मोठमोठ्या समीक्षकांचे शोकांतिकेवरचे ग्रंथ वाचले. त्यात याहून फार वेगळं काही निघालं नाही, फक्त पानं जास्त होती.

पार्टिशनच्या पलीकडून मी काय काय ऐकलं! एकाचे वडील मुलगी पाहायला येवल्याला गेले आणि चुकून शेजारच्या घरात बसून पोहे खाऊन, पसंती कळवून आले. एकाचा काका पिंपळगावच्या बाजारात दुसऱ्याच्याच टेम्पोत आपले कांदे भरून मोकळा झाला आणि टेम्पो डोळ्यांदेखत आग्र्याच्या दिशेने गेला. “माय अंकल रनिंग. टेम्पो ऑल्सो रनिंग,” असं तो मुलगा सांगत होता. मी इकडे अब्दालीला पानिपतावर उभा करून ऐकत राहिलो होतो. घरोघरी आयाबाया विचारू लागल्या, की ही कुठली बाई, जी पोरांना बापाच्या फजित्या विचारायला लावते? पण विचारलं की लोक सांगत. इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

स्टाफरूममध्ये अर्थातच नापसंती होती. “बाई, पोर्शन कधी संपवणार?” हा प्रश्न रोज एकदा होई. “संपेल सर,” हे उत्तरही रोज होई. पोर्शन संपतही असे, पण ते कोणी विचारात घेत नसे.

ही कुरकुर एरवी चेष्टेवर गेली असती. पण बाईंची ती नोकरी पक्की नव्हती. दोन वर्षं प्रोबेशन, आणि मग संस्थेच्या अध्यक्षांनी सही केली तर कायम. आधीच्या एका शाळेने त्यांना दोन वर्षं भरत आली असताना उन्हाळ्याच्या सुट्टीआधी नारळ दिला होता. तेव्हा ही पद्धतच होती. जूनमध्ये नवी माणसं घ्यायची, म्हणजे कोणी कायम होत नाही आणि सगळे नम्र राहतात. दुसऱ्यांदा तसं झालं असतं तर तिसरीकडे कोणी घेतलं नसतं. “हिच्यातच काहीतरी खोट असणार,” असं म्हणायला दोन दाखले पुरतात. आणि भावाचं कॉलेज त्यांच्या पगारावर चाललं होतं. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. मुलांनाही.

आता अध्यक्षांविषयी. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, वर जाकीट, आणि चालताना मागे तीन-चार माणसं. ते शाळेत आले की घंटा एक मिनिट उशिरा वाजे, कारण शिपाईमामा हार शोधत असत. भाषणाची सुरुवात “मी भाषण करणार नाही” अशी करून ते पाऊण तास बोलत. माणूस वाईट नव्हता. डोंगरातल्या मुलींसाठी शहरात वसतिगृह काढायचं त्यांच्याच मनात आलं, आणि ते त्यांनी खरंच काढलं. फक्त त्या वसतिगृहाच्या दारावर त्यांचं नाव मुलींच्या खोल्यांपेक्षा मोठं होतं.

त्याच वसतिगृहातली, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची एक मुलगी नववीत होती. बारीक, काळीसावळी, दोन घट्ट वेण्या, आणि डावखुरी. फारसं बोलत नसे. तिने सुट्टीत घरी जाऊन प्रसंग आणला होता, तो पार्टिशनच्या अलीकडून ऐकताना मी खडू खाली ठेवला.

गोष्ट अशी होती. पावसाळा संपत आला होता. एक मोठे साहेब पाड्याजवळच्या नव्या इमारतीचं उद्घाटन करायला जीपने आले. वाटेत ओढ्यावर पुलाऐवजी बुटकी फरशी होती, आणि फरशीवरून पाणी वाहत होतं. लोकांनी सांगितलं, साहेब, थांबा, पाणी उतरेल. साहेब म्हणाले, आम्ही काय पाणी पाहिलेलं नाही? जीप मधोमध गेली आणि बंद पडली. ड्रायव्हर उतरून बैल आणायला गेला. बैल डोंगरावर चरायला गेलेले. जीपमध्ये हारांची टोपली होती, पेढ्यांचा खोका होता, फीत कापायची कात्री होती. दोर नव्हता. पाणी सीटपर्यंत आलं तेव्हा साहेब कात्री घेऊन बॉनेटवर बसले. शेवटी मुलीचा बाप पाण्यातून गेला आणि साहेबांना पाठीवर घेऊन आला. घरी नेलं. नागलीची भाकरी आणि मिरची दिली. कपडे चिखलाने भरलेले, म्हणून बापाने आपलं ठेवणीतलं धोतर दिलं. ते नेसून साहेबांनी फीत कापली आणि भाषण केलं.

वर्गाने एकमताने निर्णय दिला: बसतो. अगदी मधोमध बसतो.

नाव घेतलेलं नव्हतं; घ्यायची गरजही नव्हती. ही हकिगत स्टाफरूमला माहीत होती. वर्तमानपत्रात बातमी आली होती ती अशी की अध्यक्षांनी भर पुरात दुर्गम भागाची पाहणी केली. सोबत फोटो होता. फोटो कमरेपासून वरचा होता.

त्या हिवाळ्यात शाळेची तपासणी लागली. ज्यांनी त्या काळची तपासणी पाहिली नाही त्यांना सांगतो: झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लागे, दुसऱ्या शाळेची सूक्ष्मदर्शकं आमच्या प्रयोगशाळेत मुक्कामाला येत, आणि ग्रंथालयाचं कुलूप तेल घालून उघडत. आमच्या हेडसरांची एक खास युक्ती होती. तपासनीस साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. शिक्षकाने उजव्यांतलाच एक उठवायचा. हेडसर स्वतः वर्गावर्गात जाऊन याची कवायत घेत. “काय रे, येतंय?” “नाही सर.” “मग उजवा कशाला? डावा! आणि चेहरा हसरा!”

बाईंना त्यांनी बोलावून बजावलं. “कविता घ्या. घेतलेलीच कविता घ्या. ते तुमचं नावेचं प्रकरण नको.”

“बरं सर.”

“फळा पुसून घ्या.”

“मामांनी पुसलाय सर. ओल्या फडक्यानं.”

त्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्या वाहायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मी त्यांच्या वर्गात मागे उभा होतो. तपासनीस साहेब आले. बारीक चणीचे, चष्मा, सुती बुशशर्ट. दिसण्यात अगदीच साधे, त्यामुळे हेडसरांना त्यांची जास्तच भीती वाटली. त्यांना सोबत करायला अध्यक्ष स्वतः आले आणि पुढच्या रांगेत मोठ्या खुर्चीत बसले. बाईंनी कविता घेतली. चांगली घेतली. हात वर झाले, उजवे उठवले गेले, उत्तरं बरोबर आली. हेडसर घाम पुसून हसू लागले.

तोपर्यंत फळा वाळला होता. आणि ओल्या फडक्याने पुसलेला फळा वाळला की जुना खडू पुन्हा दिसायला लागतो, हे खडू हाताळणाऱ्या कोणालाही माहीत आहे. कोपऱ्यात नाव दिसू लागली. नावेत माणूस. त्याचे मोकळे हात.

तपासनीस साहेबांनी चष्मा वर सरकवून विचारलं, इंग्रजीत, “हे काय आहे?”

पन्नास हात वर. काही उजवे, काही डावे, सगळे चेहरे हसरे.

साहेब थोडा वेळ हातांकडे पाहत राहिले. मला नंतर कळलं की ते स्वतः बरीच वर्षं शिक्षक होते आणि त्यांच्या हेडमास्तरांचीही हीच युक्ती होती. त्यांनी शांतपणे पहिल्या बाकावरच्या एका डाव्या हाताकडे बोट केलं. “यू.”

तो हात पाड्यावरच्या मुलीचा होता. डावा होता, कारण ती डावखुरी होती. हेडसरांच्या योजनेत डावखुऱ्यांची सोय राहून गेली होती.

ती उठली आणि न अडखळता वाक्प्रचार म्हणाली. साहेबांच्या भुवया वर गेल्या. “अर्थ?” तर ती म्हणाली, “सर, वुई डोन्ट टेल मीनिंग. वुई टेल इन्सिडन्ट.” आणि तिने प्रसंग सुरू केला.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी मुलीला थांबवलं नाही.

इंग्रजी तिचं व्हायचं तेवढंच होतं, पण गोष्ट स्पष्ट होती. “ही सिट ऑन माय फादर्स बॅक. ही से, स्लोली, स्लोली.” तपासनीस साहेब आधी गालात हसले, मग मोठ्याने. आणि ते हसले म्हणून अध्यक्षही हसले. कारण अध्यक्षांना इंग्रजी येत नव्हतं. पाहुणे हसत आहेत म्हणजे मुलगी हुशार आहे, मुलगी आपल्या वसतिगृहातली आहे, म्हणजे आपली संस्था हुशार आहे, असा त्यांचा हिशेब असावा. ते मान डोलावत होते. “फादर्स धोतर” आलं तेव्हा तर त्यांनी टाळी वाजवली.

मुलगी बसली. अध्यक्षांनी कौतुकाने हेडसरांकडे वळून विचारलं, “काय म्हणाली पोरगी?”

हेडसरांनी घसा साफ केला, छताकडे पाहिलं, आणि मग जन्मभर जे करत आले तेच केलं. ते म्हणाले, “बाई, साहेबांना मराठीत सांगा.”

मी तो क्षण अनेकदा मनात फिरवून पाहिला आहे. खोटं सांगायला किती वाव होता! एक व्यापारी, एक बैलगाडी, एक नदी. दोन वाक्यांत सुटका. तपासनीस साहेब काही त्यांना अडवायला बसले नव्हते. कायम होण्याची सही ज्या हाताने व्हायची तो हात समोरच्या खुर्चीच्या दांड्यावर होता, आणि त्यावरची अंगठी चमकत होती.

बाई म्हणाल्या, “साहेब, मुलीनं सांगितलं की एकदा एक मोठे साहेब त्यांच्या पाड्याकडे उद्घाटनासाठी जीपने गेले.”

अध्यक्ष हसतच होते.

“फरशीवर पाणी होतं. लोकांनी त्यांना थांबायला सांगितलं.”

हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस उठून गेला होता.

हेडसर खोकले. “बाई, राहू द्या. पुढचं नंतर सांगितलं तरी चालेल.”

“थोडंच राहिलंय, सर.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. आवाज चढवला नाही, की उगाच मऊ केला नाही. फळ्याकडे किंवा खिडकीकडे नाही, अध्यक्षांकडे पाहून सांगितलं. जशी कविता सांगितली होती तशीच. बॉनेट आलं, कात्री आली, पाठ आली, भाकरी आली, धोतर आलं. “आणि ते नेसून त्यांनी फीत कापली, असं ती म्हणाली,” इथे त्या थांबल्या.

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी मुलीकडे पाहिलं.

“तू त्या पाड्यावरची का गं?”

मुलगी उठली. “हो.”

“बाप बरा आहे का?”

“बरा हाय. तुमची लय आठवण काढतो.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष उठले. “चला, प्रयोगशाळा राहिलीय,” म्हणाले, आणि प्रयोगशाळेकडे न जाता जीपकडे गेले. त्यांच्यासाठी काढलेला चहा आम्ही प्यायलो.

त्यानंतरचे आठवडे बाईंचे कसे गेले असतील ते त्याच जाणोत. हेडसर दर दोन दिवसांनी त्यांना गाठत.

“बाई, दोन शब्द दिलगिरीचे. बंगल्यावर जाऊन या.”

“कशाबद्दल, सर?”

“साहेबांच्या भावना दुखावल्या.”

“मी एखादा शब्द पदरचा घातला का?”

“तेच तर म्हणतोय मी! चार कमी घालायचे होते!”

बाई बंगल्यावर गेल्या नाहीत. मीच एकदा बसथांब्यावर विचारलं, की तेव्हा काहीतरी दुसरं सांगून वेळ का मारून नेली नाही?

“सर, ती गोष्ट वर्गाला पाठ आहे,” त्या म्हणाल्या. “मी खोटं सांगितलं असतं तर साहेबांना कळलं नसतं. पण समोर पन्नास जण होते, त्यांना कळलं असतं. आणि ती मुलगी? तिनं बापाचं सांगितलं आणि मी त्याचा व्यापारी करू?”

“पण नोकरी, बाई.”

“मला भीती वाटत नाही असं नका समजू. घरी अजून सांगितलं नाहीये. आई विचारते, ऑर्डर कधी? मी म्हणते, एप्रिलमध्ये.” बस आली, त्या चढल्या, आणि खिडकीतून म्हणाल्या, “एप्रिलमध्ये काहीतरी हातात मिळणारच ना. ऑर्डर नाहीतर नारळ.”

एप्रिलमध्ये कार्यकारिणीची सभा झाली. शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून मी तिथे असे. चहा प्यायचा आणि विचारलं तर ‘हो’ म्हणायचं, एवढंच माझं काम. बाईंचा विषय निघाला तशी सगळी सभा सरसावून बसली. अध्यक्षांना काय हवं आहे, हे न विचारता ओळखण्यात या मंडळींची हयात गेलेली. एक वकील म्हणाले, पोर्शन अपुरा राहतो. किराण्याचे एक ठोक व्यापारी म्हणाले, शिस्त नाही. हेडसर म्हणाले, तशा मेहनती आहेत, पण. पणच्या पुढे त्यांनी काही ठेवलं नाही.

अध्यक्ष अडकित्त्याने सुपारी कातरत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, “काढली, तर गावात काय म्हणतील?”

“काय म्हणणार साहेब? संस्थेचा अधिकार आहे,” वकील म्हणाले.

“म्हणतील, धोतराची गोष्ट खरी होती, म्हणून काढली.” त्यांनी सुपारी तोंडात टाकली. “कायम करा.”

मी त्या माणसाची शेकडो भाषणं ऐकली होती. त्यात विचार म्हणावा असा हा पहिलाच, आणि तो दोन वाक्यांत संपला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दलही आदर वाटला. वेगळ्या जातीचा, पण आदरच. सभेने मघाशी केलेली सगळी टीका गिळून लगेच मंजुरी दिली. व्यापारी म्हणाले, “बाई मेहनती आहेतच.” उठता उठता अध्यक्ष माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “मास्तर, तुमचं बोलणं होतं ना त्यांच्याशी? सांगा, ते धोतर मी परत केलं होतं. धुऊन, इस्त्री करून पाठवलं होतं. ते काही पोरीनं सांगितलं नाही.”

दुसऱ्या दिवशी मी बाईंना व्हरांड्यात गाठून सभेत झालेलं सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे गोष्ट खोटी ठरावी म्हणून मला कायम केलं?”

“असं बघू नका बाई. ऑर्डर ती ऑर्डर.”

“ऑर्डर मी घेणार. घरी हवीय.” त्या खरोखर चिडल्या होत्या. “पण मग त्या मुलीला मी काय सांगू? माझी नोकरी राहिली, तुझी गोष्ट गेली?”

मी मग त्यांना अध्यक्षांचा धोतराचा निरोप दिला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. मग त्या हसू लागल्या. इतक्या, की शिपाईमामा वळून बघायला लागले.

“सर, घडलंच नाही, तर धोतर परत कसं केलं?”

त्याच तासाला त्या वर्गावर गेल्या. परीक्षा जवळ आलेली, उजळणीचे दिवस. माझ्या फळ्यावर पेशव्यांची वंशावळ होती; मी ती अर्धवट सोडून पार्टिशनजवळ जाऊन उभा राहिलो. बाईंनी आधी सांगितलं की त्या कायम झाल्या आहेत. टाळ्या झाल्या. मग त्या पाड्यावरच्या मुलीला म्हणाल्या, “साहेबांचा निरोप आहे. धोतर परत केलं होतं, ते तू सांगायचं राहिलीस. मिळालं होतं का?”

“मिळालं होतं बाई,” मुलगी म्हणाली. “इस्त्रीचं होतं. बा म्हणतो, आता हे नेसायचं कसं? घडी मोडंल. तसंच ठेवलंय.”

“मग तेही सांगत जा. अर्धं सांगायचं नाही. तुझी गोष्ट खरी आहे, आणि साहेबांनीच ती पुरी करून दिलीय.”

एका मुलाचा आवाज आला. त्याला पक्की खात्री करून घ्यायची होती.

“बाई, कायम म्हणजे आता तुम्हाला कोणी काढू शकत नाय ना?”

“सहजासहजी नाही.”

“साहेबसुद्धा नाय?”

“नाही.”

“हेडसरसुद्धा नाय?”

“नाही रे.”

“मग बाई,” तो म्हणाला, “हेडसर आमच्या गल्लीत राहतात. एक सांगू?”

बाकं सरकल्याचा आवाज आला. सगळा वर्ग पुढे सरसावून बसला असावा. बाई म्हणाल्या, “नाव घ्यायचं नाही. इन इंग्लिश.” आणि माझ्या मुलांनीही वह्या मिटल्या.